समुद्राकाठच्या राजावरची झडती

माझ्या मामाचा आवाज त्याच्या अंगापेक्षा मोठा आहे. अंगानं तो तुरीच्या काडीसारखा, पण वावराच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यानं हाक मारली की दुसऱ्या धुऱ्यावरची बाई डोक्यावरचं गाठोडं सावरते. पोळ्याच्या दिवशी या आवाजाला गावात मान असतो. आमच्या मारेगावकडच्या भागात पोळ्याला तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या, की तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणायची रीत आहे. झडती म्हणजे चार-सहा ओळींची तुकबंदी. कुणी तरी पुढे येतो, भर गर्दीत कुणाची तरी खोड काढतो, शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणतो आणि सगळा गाव ओरडतो. सरपंच, तलाठी, आमदार, स्वतःची सासू, कुणीही चालतं. त्या दिवशी राग धरायचा नसतो. ज्याच्यावर झडती झाली तोच पुढे होऊन मामाला पान द्यायचा, असं मी लहानपणी पाहिलं आहे.

मी मामाकडेच वाढलो. वडील गेले तेव्हा आई मला घेऊन भावाच्या घरी आली, आणि पुढे आईही गेली, तेव्हा मामीनं मला वेगळं काही जाणवू दिलं नाही. आमच्याकडे भाच्याला देवासारखा मान. मोठा माणूस असूनही मामा भाच्याच्या पाया पडतो. मी आठवीत शाळा सोडून वणीला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेलो, तेव्हा मामा मागोमाग ट्रक उभे राहतात तिथे आला. मला वाटलं, कान धरून नेतो आता. त्यानं ट्रकला एक चक्कर मारली, चाकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "शाळा सोडली तं सोडली. पण ब्रेक पाह्यल्याबिगर गाडी हलवू नको, बापू." मग वाकून माझ्या पायाला हात लावला. कोळशानं काळ्या झालेल्या माझ्या चपलांना. मी आजही गाडी सुरू करण्याआधी ब्रेक दोनदा पाहतो. माझा स्वभाव भित्रा आहे आणि त्या भित्रेपणानंच मला जिवंत ठेवलं, असं मी मानतो.

आता मी समुद्राकाठच्या एका देशात बंदरावर ट्रेलर चालवतो. देशाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर काय होतं, असं कुणी म्हणेल. म्हणणारा तिथे राहत नाही. त्या देशानं मला काम दिलं, वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण दिलं, मामाच्या घरावर स्लॅब दिला. मी कृतघ्न नाही. पण तिथे एक गोष्ट शिकायला मला वेळ लागला. वणीच्या रस्त्यावर धोका समोरून यायचा. समोरचा ट्रक, खड्डा, ओव्हरटेक करणारी बस. तो दिसायचा. इथे तो कुठून येतो ते कळत नाही.

मागच्या पोळ्याच्या काही महिने आधीची गोष्ट. शेजारच्या देशाशी बिनसलं होतं. तिथेही एकाच माणसाचं चालतं, इथेही एकाच माणसाचं. दोघांनाही आपल्या लोकांसमोर मागे हटता येत नाही. एका दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना तेलाच्या टाक्यांपलीकडे मोठा आवाज झाला आणि काळा धूर उठला. ड्रोन पडलं म्हणाले. सुपरवायझरनं आम्हाला गोळा करून सांगितलं, काही झालेलं नाही, आणि जे झालेलं नाही त्याचा फोटो काढायचा नाही. आमच्या खोलीत एक वेल्डर होता. त्याच्या बायकोनं टीव्हीवर बातमी पाहिली आणि रडत फोन केला. तिला धीर द्यायला त्यानं लांबचा धूर दाखवणारा स्वतःचा एक फोटो पाठवला. बघ, धूर तिकडे आहे, मी इकडे आहे. बायकोनं तो बहिणीला पाठवला. बहिणीनं आणखी कुणाला. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि वेल्डरला घेऊन गेली. देशाच्या सुरक्षेला धोका, एवढंच आम्हाला कळलं. खोलीत पाल दिसली की हा माणूस पलंगावर उभा राहून मला हाक मारायचा. तो एका देशाला धोका झाला. ड्रोन ज्यांनी सोडलं ते सापडले नाहीत, धूर पाहणारा सापडला.

पोळ्याला मी सुट्टीवर घरी आलो, तेव्हा हे सगळं मामाला सांगितलं. घरासमोरच्या ओट्यावर बसून आम्ही बोलत होतो. मामी वाती वळत होती.

"ते ड्रोन म्हणजे कपाशीवर फवारणी करते तेच ना?" मामानं विचारलं.

"त्याच जातीचं. मोठं असते."

"अन् राजाले पाडता येत नाही?"

"कधी पाडतात, कधी नाही."

"मंग ज्यानं धूर पाह्यला त्याले पाडते," मामा म्हणाला. बराच वेळ तो मान हलवत राहिला. त्याच्या डोक्यात तुकं जुळू लागली की तो असाच मान हलवतो, हे मला कळायला हवं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोलीस पाटील घरी आला. हा मामाचा लहानपणचा सोबती. चहा घेतला, पावसाचं बोलला, बोंडअळीचं बोलला, मग विषयावर आला.

"भाऊ, औंदा जरा जपून."

"काहून?"

"आता पहिल्यासारखं नाही राह्यलं. तू इथं म्हणतं, कोणीतरी मोबाईलवर टाकते, तिकडे पार्टीवाल्याइचे डोके फिरते. मंग ठाण्यातून मले फोन. आपल्या इकडच्या कोण्या पुढाऱ्यावर नको म्हणू."

"मंग काय बैलावर म्हणू?"

"बैलावर म्हण ना. बैल तक्रार देत नाही."

"बैल मत बी देत नाही, म्हणून त्याले कोणी भेत नाही," मामा म्हणाला, आणि दोघं हसले. पण पाटील जाताना दारात थांबला. "मस्करी नाही करून राह्यलो बाप्पा," म्हणाला.

मामा खांद शेकायला गोठ्यात गेला. बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळता चोळता त्याचे ओठ हलत होते. मी विचारलं, औंदा कोणावर? तो खूश होऊन म्हणाला, "कोणालेच राग येणार नाही असा माणूस पाह्यला मी. लय दूरचा."

तोरणाखाली आता पहिल्याएवढ्या जोड्या नसतात. ट्रॅक्टरवाल्यांनीही पोळ्यापुरती कुणाची तरी जोडी मागून आणलेली असते. तरी शिंगांना बेगड, अंगावर झूल, डफडं, गुलाल, सगळं होतं. दोन-तीन जणांच्या झडत्या झाल्या. मग लोक मामाच्या नावानं ओरडू लागले. मामा पुढे आला, दुपट्टा कमरेला बांधला आणि आभाळाकडे हात करून सुरू झाला:

"समिंदराच्या काठावर राजाचा वाडा,
आभायात उडे मच्छर, राजा म्हणे पाडा!
मच्छर काही पडेना, राजाची उडाली झोप,
फोटो काढला भाच्यानं, त्याच्यावर रोखली तोफ!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

गाव असं ओरडलं की बैल बिचकले. मीही हसत होतो. पहिल्या तीन ओळींना तर मी टाळी दिली. चौथी ओळ कानात शिरली आणि कोण मोबाईल धरून आहे ते मी पाहू लागलो. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. "राजाची झोप उडवून आला काय बे!" म्हणत होते. समोर मामी उभी होती. एका हातानं डोक्यावरचा पदर धरून दुसऱ्या हातात मोबाईल उंच केलेला.

घरी आल्यावर मी म्हणालो, "मामा, फोटो मी नोहता काढला. वेल्डरनं काढला होता."

"मले मालूम नाही का? पण वेल्डर तुकात बसते काय? अन् गावाले वेल्डरचं काय घेणं? भाचा म्हटलं की गावाचा जीव लागते." त्याला वाटलं, मी मान नको म्हणून लाजतो आहे. "तू तिथं एवढ्या तोफा-गोळ्यात राहतं. त्याचं कोणी नाव घेऊ नये का?"

ताटात पुरणपोळी होती. मी तिच्यावर तूप घेतलं आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो माझ्या खोलीतल्या सोबत्याचा, बंदरावरून. हा राळेगावकडचा, मामीच्या माहेरच्या गावचाच.

"भाऊ, तुमचा व्हिडिओ इथं पोचला."

"कोणता?"

"झडतीचा. सोबत तुमचा जॅकेटवाला फोटो आहे. माह्या बहिणीनं पाठोला मले. मस्त आहे, पण पुसून टाका लवकर."

"कोणी कोणी पाह्यला?"

"मराठीवाल्याइनं पाह्यला. बाकीच्याइले समजत नाही. पण जॅकेटवर कंपनीचं नाव इंग्रजीत आहे, ते तं सगळ्याइले वाचता येते."

मी मामीला विचारलं. तिनं अभिमानानं दाखवलं. स्टेटसवर मामाची झडती, खाली पिवळं जॅकेट घालून ट्रेलरसमोर उभा असलेला मी, आणि वर लिहिलेलं, ‘माह्या भाच्याचा पराक्रम’. तेच तिनं माहेरच्या ग्रुपवरही टाकलं होतं. काय झालं ते मी सांगितलं. वेल्डरच्या बायकोनंही असंच प्रेमानं एक चित्र पुढे पाठवलं होतं, हे सांगितलं.

"माय वं," म्हणून मामी खालीच बसली.

मामानं खुंटीवरचा दुपट्टा घेतला आणि निघाला. मीही मागे गेलो. तो घरोघरी जाऊन उभा राहायचा. "मोबाईल दाखवा. कालची झडती पुसा. भाच्याले तकलीफ होऊन राह्यली." एरवी ज्या माणसाला लोक ‘आणखी एक म्हणा’ म्हणून धरून ठेवायचे, तो आज आपलीच झडती पुसा म्हणून विनवत होता. कुणी नाही म्हटलं नाही. गावानं माझ्यासाठी हे केलं, मी विसरणार नाही. फक्त एक अडचण झाली. पुसायच्या आधी प्रत्येकाला ती एकदा ऐकायची होती.

"पुसतो ना, पण एक डाव पाहू द्या," शेजारची आजी म्हणाली. "मले काल ऐकू नाही आली नीट." मग तिच्या ओट्यावर चार बाया जमल्या. झडती पुन्हा झाली, बाया पुन्हा हसल्या, आणि आजीनं मोबाईल मामाच्या हातात दिला. असं प्रत्येक दारात. ज्यांनी पोळ्यात ऐकली नव्हती त्यांनीही त्या दिवशी ऐकली. मामाच्या चेहऱ्यावर मधूनच हसू यायचं, आणि माझ्याकडे पाहिलं की जायचं.

मग मामा-मामी एसटीनं राळेगावकडे गेले. तान्हा पोळा होता, रस्त्यात पोरं लाकडी बैल ओढत होती, आणि माहेरी कुणालाच वाटेना की हे दोघं सणाला नाही, मोबाईल तपासायला आले आहेत. पाहुणचार झाला. मग मामीनं सांगितलं. तिचा भाऊ डोकं खाजवत म्हणाला, "मी तं साळ्याले पाठोली. साळ्यानं कोणाकोणाले पाठोली काय मालूम."

"लाव फोन साळ्याले," मामी म्हणाली. त्या मेहुण्यानं आणखी दोघांची नावं घेतली. ती दोघं नागपुरात. दिवस असा गेला. तिन्हीसांजेला परत आल्यावर मामा ओट्यावर बसला आणि म्हणाला, "जेवढ्या सापडल्या तेवढ्या पुसल्या. पण ही गोष्ट कपाशीवरच्या माशीसारखी आहे. दिसते तेवढी मारता येते."

जायचा दिवस जवळ आला तसा मामा हट्टाला पेटला.

"तू जाऊ नको."

"नाही गेलो तं काम जाते."

"जाऊ दे. वणीले ट्रक बंद पडले काय?"

"पोरीचं शेवटचं वर्ष आहे, मामा."

"ते वेल्डरचं काय झालं?"

"मालूम नाही."

"तेच म्हणतो मी. मालूमच पडत नाही तिथं." तो उठून अंगणात फिरू लागला. मग थांबला. "असं करतो. दुसरी झडती म्हणतो. पहिली झूट होती, भाच्यानं फोटोबिटो काही काढला नाही, मीच तुक जमवाले टाकलं. ते तू राजाले दाखव."

"तुमी आता काहीच म्हणू नका," मामी म्हणाली.

ती रागावून नाही बोलली. चटणीच्या डब्याचं झाकण लावता लावता साधेपणानं बोलली. जवसाची चटणी, ज्वारीचे पापड, सगळं ती कापडात गुंडाळत होती. मामा तिच्याकडे पाहत राहिला आणि मग खरंच गप्प झाला. गेली कित्येक वर्षं या घरात कुणी त्याला गप्प बस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आमदारालाही ते जमलं नव्हतं.

स्टँडवर बस लागली, तेव्हा मामा नेहमीसारखा वाकला. पण या वेळी त्यानं पायाला हात लावून लगेच काढला नाही. धरूनच ठेवले पाय. लोक पाहत होते. मी म्हणालो, "मामा, उठा." तो खालूनच म्हणाला, "माह्या तोंडानं तुले काही झालं तं मी काय करू, बापू?" कंडक्टरनं घंटी मारली.

विमानात मी मोबाईल साफ केला. आधी झडती, मग जॅकेटचा फोटो, मग भीती वाढत गेली तसं पोळ्याचं सगळं, बैल, तोरण, मामी पुरण वाटताना. उतरेपर्यंत मोबाईल इतका रिकामा झाला की तो रिकामाच जास्त संशयाचा वाटू लागला.

पासपोर्टच्या काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. त्यानं स्क्रीन पाहिली, माझ्याकडे पाहिलं, परत स्क्रीन पाहिली. शेजारच्याला बोलावलं. दोघं त्यांच्या भाषेत बोलले. मामाची चौथी ओळ मला ऐकू येत होती, डफड्यासकट. मी मनात वाक्य जुळवत होतो, साहेब, आमच्याकडे एक सण असतो. पण हे कसं सांगायचं? आमच्याकडे वर्षातून एक दिवस मोठ्या माणसाची खोड काढायची असते आणि तो राग धरत नाही, हे त्याला कुठल्या भाषेत पटलं असतं?

अधिकाऱ्यानं आपल्या ओठावरून बोट फिरवलं. मला कळेना. त्यानं पासपोर्टवरचा फोटो माझ्यासमोर धरला. फोटोत मला मिशी होती. मामीच्या सांगण्यावरून पोळ्याला मी ती काढली होती. तो हसला, शिक्का मारला, आणि पासपोर्ट सरकवून दिला.

बाहेर येऊन मी एका खांबाला टेकून बसलो. मग फोन लावला. मामीनं उचलला तो पहिल्याच घंटीला. "पोचलो," म्हणालो. तिकडून कुणीतरी मोठ्यानं रडल्याचा आवाज आला. एवढा मोठा आवाज घरात एकाचाच आहे.

व्हिडिओ राजाच्या कुणा माणसानं पाहिला की नाही, ते मला आजवर कळलं नाही. काही झालं नाही, एवढंच कळलं. वेल्डरच्या पलंगावर आता दुसरा माणूस झोपतो. पहिल्याला त्याच्या देशात पाठवलं असं कुणी म्हणतं, कुणी वेगळं म्हणतं. मी विचारत नाही. मोठमोठी माणसं टीव्हीवर बसून कोणत्या देशाला कुणापासून धोका आहे ते सांगतात, नकाशावर बाण दाखवतात. त्यांचं चुकीचं नसेल. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, मला बाणांतलं कळत नाही. मला एवढं दिसलं, की इथल्या राजाच्या भीतीला इथून उठून मारेगावपर्यंत जायला विमान लागलं नाही. ती आमच्याच मोबाईलमधून गेली, आमच्याच ओट्यावर बसली, आणि तिनं कुणाला हातही न लावता मामाला गप्प केलं. पाटलानं इकडच्यांवर नको म्हटलं होतं, माझ्यापायी तिकडच्यांवरही नको झालं. मधे त्याला जागाच उरली नाही.

यंदाच्या पोळ्याला मी घरी नव्हतो. दुपारच्या सुट्टीत ट्रेलरच्या सावलीत उभा राहून फोन लावला. मामी म्हणाली, तोरणाखाली लोकांनी लय हाका मारल्या, पण मामा पुढे गेला नाही. घसा बसला म्हणाला.

"खरंच बसला?"

"कायचा बसते!" मग तिनं फोन मामाकडे दिला.

"जेवला का, बापू?" मामानं विचारलं. हळू आवाजात. त्याचा हळू आवाज मला ओळखू आला नाही.

"मामा, झडती काहून नाही म्हटली?"

"तू कायमचा घरी आला की म्हणीन. तोवर जमा करून ठेवतो." मग म्हणाला, "ब्रेक पाहतं ना?" आणि फोन परत मामीकडे दिला.

मामी अंगणात आली असावी, कारण डफड्याचा आवाज जवळ आला. ती म्हणाली, "तू मनाले लावून घेऊ नको. आवाज नाही गेला त्याचा. रोज सकाळी वावराच्या त्या टोकाले जाते, नाल्याकडे, अन् एकटाच म्हणते. मले धुऱ्यावरून ऐकू येते ना."

"कोणावर म्हणते?"

"सगळ्याइवर."

"सगळ्याइवर म्हणजे?"

"ते फोनवर नाही सांगत," मामी म्हणाली, आणि हसू लागली. मीही हसलो. शेजारच्या ट्रेलरवरचा माणूस माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा मी त्याला खुणेनं सांगितलं, काही नाही, घरचा फोन आहे.